चटईचा आपल्या वाट्याचा भाग

आपल्याकडच्या कुठल्याही तरुण आई-वडिलांशी बोला, मूल चाइल्डकेअरला जायला लागले की पहिली तक्रार ठरलेली असते : "दिवसभर नुसते खेळतात हो, शिकवत काहीच नाहीत!" तिकडे पुण्यात मावसबहिणीची मुलगी ज्युनिअर केजीत शंभरपर्यंत आकडे लिहिते, आणि इथे फ्लॅट बुशमध्ये आपले चिरंजीव बुटांत वाळू आणि शर्टावर रंग घेऊन घरी येतात. सोबत एक फाइल येते, किंवा हल्ली मोबाइलवर एक संदेश. त्यात फोटो असतो : चिरंजीव पन्हळीतून पाणी सोडताहेत. खाली शिक्षिकेने प्रेमाने लिहिलेले असते की आज त्याने किती चिकाटी दाखवली. आजी-आजोबा फोटो पाहून खूश होतात आणि मग हळूच विचारतात, "पण ए, बी, सी, डी कधी?"

या वाळू-पाण्यामागे एक पुस्तक आहे. परीक्षण म्हटले की आपल्याला कथा-कादंबरी आठवते, पण आपल्या मुलांच्या आयुष्यावर या पुस्तकाइतका परिणाम करणारी कादंबरी क्वचितच असेल. 'ते फारिकी' हे त्याचे नाव. माओरीत फारिकी म्हणजे विणलेली चटई. न्यूझीलंडच्या शिक्षण मंत्रालयाने १९९६ साली काढलेला, जन्मापासून शाळेत जाईपर्यंतच्या मुलांसाठीचा हा राष्ट्रीय अभ्यासक्रम. २०१७ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. आपली बहुतेक मुले याच चटईवर वाढतात, आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी ती उलगडून पाहिलेली असते. लहान मूल विचार करायला कसे शिकते याबद्दल हे पुस्तक जे मानते ते कितपत खरे आहे, त्यात काय उणे आहे, आणि ते उणे भरून काढणे कोणाचे काम आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

घड्याळाकडून चटईकडे

या पुस्तकाचे मोल कळायला हा देश कुठून निघाला ते आठवावे लागते. १९०७ साली डनीडनमध्ये डॉ. ट्रुबी किंग यांनी प्लंकेट संस्था सुरू केली. हेतू चांगलाच होता, बाळांचे जीव वाचवणे. पण त्यांची शिस्त कडक होती. दर चार तासांनी घड्याळ पाहून दूध, मोकळी हवा, आणि लाड अगदी बेताचे. बाळ म्हणजे नीट वाढवायचे शरीर, असाच तो विचार होता. बाळाच्या डोक्यात काय चालले आहे, हा प्रश्न त्यात फारसा नव्हताच. प्लंकेटच्या नर्स आजही आपल्या घरी येतात, पण त्यांचा सल्ला आता पुष्कळ बदलला आहे.

'ते फारिकी' हे त्या घड्याळापासून फार दूर आले आहे. हेलन मे आणि मार्गारेट कार या दोन अभ्यासक, आणि माओरी बाजूने टिली व टमाटी रीडी हे दांपत्य, यांनी त्याचा आराखडा घडवला. त्यात चार तत्त्वे आणि पाच धागे एकमेकांत विणले आहेत. स्वास्थ्य, आपलेपणा, सहभाग, संवाद आणि शोध हे ते पाच धागे. तिसऱ्या वर्षी दहापर्यंत अंक, चौथ्या वर्षी अक्षरे, अशी पायऱ्यांची यादी त्यात सापडत नाही. वयाचे टप्पेसुद्धा मुद्दाम एकमेकांवर चढवले आहेत. तान्हे मूल जन्मापासून दीड वर्षापर्यंत, रांगते-चालते मूल एक ते तीन वर्षांपर्यंत, आणि त्यापुढचे अडीचपासून शाळेपर्यंत. म्हणजे दोन मुलांची वाढ एकाच वेळापत्रकाने होत नाही, हे पुस्तकाच्या रचनेतच मान्य केलेले आहे.

चांदोमामा गाडीबरोबर का येतो?

पुस्तकातली मला सर्वांत मोलाची वाटलेली कल्पना म्हणजे 'वर्किंग थिअरी'. मराठीत आपण तिला कामचलाऊ सिद्धांत म्हणू. मूल जगाकडे पाहून स्वतःचे स्पष्टीकरण तयार करते, ते वापरून पाहते, जमले नाही तर बदलते. उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरचे आहे. रात्री ओर्मिस्टन रोडवरून गाडी चालली असताना मागच्या सीटवरून आवाज येतो, "बाबा, चांदोमामा आपल्याबरोबर येतोय." हा वेडेपणा नाही, चांगला तर्क आहे. झाडे मागे जातात, घरे मागे जातात, चंद्र जात नाही, तेव्हा तो बरोबरच चालला असला पाहिजे. ज्याँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाने १९२६ च्या पुस्तकात मुलांच्या याच समजुतीची नोंद केली आहे.

पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण करून सांगितले की मूल म्हणजे रिकामे भांडे नव्हे, ते ज्ञान स्वतः रचते. ही गोष्ट टिकली. पण त्यांनी बाळांना थोडे कमी लेखले. आठ-नऊ महिन्यांच्या आतल्या बाळासमोर खेळणे झाकले की त्याच्या लेखी ते खेळणे उरतच नाही, असे त्यांचे मत. १९८५ साली रने बायार्जाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांना एक पडदा दाखवला, जो मागे ठेवलेल्या डब्यातून आरपार गेल्यासारखा भासत होता. बाळे त्या अशक्य दृश्याकडे जास्त वेळ टक लावून पाहत राहिली. त्याचा नेमका अर्थ काय यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत, पण हात पोहोचण्याआधीच नजर काहीतरी धरून ठेवते, एवढे खरे. आजी पदराआड तोंड लपवून 'कुक' करते आणि बाळ त्या पदराकडे बघत थांबते, तेव्हा ते नुसते हसवणे नसते.

पियाजे यांची दुसरी उणीव अशी की त्यांचे मूल जरा एकटे आहे. ते वस्तूंशी झटत जग समजून घेते. रशियातल्या लेव व्हिगॉट्स्की यांनी दुसरी बाजू मांडली. विचार आधी दोन माणसांमध्ये घडतो, मग तो मुलाच्या आत जातो, असे त्यांचे म्हणणे होते. 'ते फारिकी'चा कल याच बाजूला आहे, आणि पुढच्या संशोधनाने तो बऱ्याच अंशी योग्य ठरवला आहे. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषिक माणसे बारा बैठका खेळली, पुस्तके वाचली. त्या बाळांना चिनी ध्वनींतला फरक कळू लागला. तीच माणसे, तोच मजकूर दुसऱ्या बाळांना टीव्हीवर दाखवला, तर काहीच हाती लागले नाही. बाळाला नुसता आवाज पुरत नाही, समोर प्रतिसाद देणारे माणूस लागते.

तेव्हा "खेळतात हो" या तक्रारीला उत्तर हे की तीन वर्षांच्या मुलाचा विचार खेळात आणि गप्पांतच घडतो. पन्हळीतून पाणी सोडणारा मुलगा उतार, वेग आणि कारण यांची जुळणी लावत असतो. याबाबतीत पुस्तक बरोबर आहे आणि आपली घाई चुकीची आहे.

पुस्तक कुठे कमी पडते

आता दुसरी बाजू. पहिला दोष अंमलाचा आहे. 'ते फारिकी'च्या जोडीने मार्गारेट कार यांनी 'लर्निंग स्टोरी' ही पद्धत रुजवली. परीक्षेऐवजी गोष्ट लिहायची, मुलाला काय येत नाही यापेक्षा ते काय करते आहे ते टिपायचे. कल्पना सुंदर आहे. पण ऑकलंडच्या युनिटेकमधले केन ब्लेकलॉक यांच्यासारख्या टीकाकारांनी २००८ पासून विचारले आहे की अशा गोष्टींतून मुलाची प्रगती खरेच कळते का? हा आक्षेप मला रास्त वाटतो. अशा गोष्टी एकापाठोपाठ एक वाचल्या की सगळ्याच मुलांनी चिकाटी दाखवलेली असते, सगळीच कुतूहलाने भारलेली असतात. कौतुक भरपूर, पण मार्च महिन्यातला विचार आणि ऑक्टोबर महिन्यातला विचार यांत काय बदलले, ते त्यात क्वचितच सापडते. मूळ आवृत्तीत अपेक्षित परिणामांची संख्या ११८ होती. २०१७ साली ती २० वर आणली. यादी आटोपशीर झाली, पण पालकाने घरी नेमके काय पाहावे हे त्यामुळे अधिक कळले असे नाही.

पाहण्यासारखे काय असते याचे एक उदाहरण देतो. १९८३ साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी मुलांना चॉकलेटची एक गोष्ट सांगितली. आपण चॉकलेटच्या जागी लाडू घालू. दादाने लाडू डब्यात ठेवला आणि तो खेळायला गेला. त्याच्या मागे आईने तो फ्रिजमध्ये ठेवला. परत आल्यावर दादा लाडू कुठे शोधेल? तीन वर्षांचे मूल बहुधा म्हणते, फ्रिजमध्ये. कारण लाडू तिथे आहे! चार-पाच वर्षांचे मूल म्हणते, डब्यात. कारण दादाला माहीत नाही. या दोन उत्तरांमध्ये केवढी झेप आहे पाहा. आपल्याला ठाऊक असलेले दुसऱ्याला ठाऊक नसू शकते, हे मुलाला कळले. खोटे, चेष्टा, गुपित, सहानुभूती, सगळे या दारातून आत येते. फाइलमधल्या वीस फोटोंपेक्षा अशी एक नोंद मला जास्त सांगून जाईल.

ही झेप कशाने सुकर होते, याचेही काही धागे हाती आहेत. टेड रफमन, जे पुढे आपल्याच ओटागो विद्यापीठात आले, त्यांनी २००२ साली सहकाऱ्यांसह दाखवले की ज्या आया चित्र पाहताना 'त्याला वाटतंय', 'तिला माहीत नाही', 'तो घाबरलाय' असे मनातले बोलतात, त्यांच्या मुलांना पुढे इतरांचे मन लवकर उमगते. ओटागोच्याच एलेन रीस यांनी आई-मुलांच्या कालच्या-परवाच्या गप्पांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. "काल पार्कमध्ये काय झालं? मग तो कुत्रा का पळाला? तुला काय वाटलं?" असे सैल प्रश्न विचारणाऱ्या घरांतली मुले घडलेले अधिक नीट आठवून सांगतात. याच विद्यापीठातल्या २००० सालच्या एका अभ्यासात प्रौढांना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारली. पाकेहांची आठवण सरासरी साडेतीन वर्षांच्या वयाची निघाली, माओरींची पावणेतीन वर्षांच्या आसपासची. भूतकाळाला मान देणाऱ्या, पूर्वजांच्या गोष्टी सांगणाऱ्या घरांशी संशोधकांनी याचा संबंध जोडला. म्हणजे गप्पा मारणे हा वेळेचा अपव्यय नाही. मुलाची आठवण आणि तर्क त्यातूनच घडत जातात.

माना रेओ आणि आपली मराठी

इथेच पुस्तकाची दुसरी आणि आपल्यासाठी मोठी उणीव दिसते. संवादाच्या धाग्याला पुस्तकात 'माना रेओ' म्हटले आहे, म्हणजे भाषेची प्रतिष्ठा. मुलाची घरची भाषा आणि संस्कृती सेंटरमध्ये मानाने वागवली जावी, असे पुस्तक मानते. पण मान देणे वेगळे आणि भाषा पुरवणे वेगळे. फ्लॅट बुशमध्ये एका वर्गात मँडरिन, पंजाबी, सामोअन, तमिळ आणि मराठी घरांतली मुले असू शकतात. शिक्षिका दिवाळीला पणत्या रंगवून घेईल, 'नमस्ते' म्हणेल. त्याहून जास्त तिच्याकडून मागणे अन्याय होईल. माओरींनी आपल्या भाषेसाठी १९८२ साली स्वतःची कोहांगा रेओ, म्हणजे भाषेची घरटी सुरू केली, कारण दुसरे कोणी ती जगवणार नाही हे त्यांना कळले होते. आपल्या वाट्याच्या धाग्यांबद्दल मात्र पुस्तक मोघमच बोलते, आणि आपणही ते निमूटपणे सोडून देतो.

प्रत्यक्षात काय होते? मूल सेंटरमधून 'लुक, डिगर!' म्हणत येते आणि आपण इंग्रजीत उत्तर देतो. मुलाला पुढे त्रास नको, असे वाटते. ऑफिसात आपले इंग्रजी उत्तम चालते, प्रश्न त्याचा नाही. पण दोन वर्षांच्या मुलाशी 'असं वाटलं', 'उगीच', 'मुद्दाम', 'रुसलाय का?', 'लुडबुड करू नकोस', 'जपून हं' हे सगळे बोलायला जी भाषा आपोआप तोंडात येते, ती मराठी. इंग्रजीत आपण मुलाला सूचना देतो : कम, सिट, फिनिश, डोन्ट टच. मराठीत आपण त्याच्याशी बोलतो. वर सांगितलेले सगळे संशोधन अशा ऐसपैस बोलण्याबद्दल आहे. आई-बाप ज्या भाषेत सहज विचार करतात ती घराबाहेर ठेवली, तर मुलाच्या वाट्याला गप्पांचा पातळ रस्सा येतो.

"दोन भाषांनी मूल गोंधळेल ना?" हा प्रश्न नेहमी येतो. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला सुरुवातीला एकेका भाषेतले शब्द कमी असू शकतात, पण दोन्ही मिळून मोजले तर ते मागे नसते. उलट उशीर करण्यात तोटा आहे. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांचे ते कौशल्य ओसरले. हिंदी कानावर पडणाऱ्या बाळांमध्ये ते टिकून होते. 'ताक' आणि 'टाक' यांतला भेद आपल्या नातवंडांच्या कानात टिकवायचा असेल, तर ते काम पाळण्यापासूनच सुरू होते.

आणि भाषेबरोबर विचारांच्या काही वाटाही येतात. इंग्रजीत एकच 'वी' आहे. मराठीत 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यांत ऐकणाऱ्याला सोबत घेतले की नाही, हे बोलण्याआधी ठरवावे लागते. गंमत म्हणजे माओरीतही हा भेद आहे : 'तातोउ' म्हणजे आपण सगळे आणि 'मातोउ' म्हणजे तुला वगळून आम्ही. आपल्या मुलाला माओरीतला हा भेद परका वाटणार नाही, पण त्यासाठी त्याला आधी मराठीतला यायला हवा.

बोर्डीची आठवण

हे सगळे न्यूझीलंडचे नवे शोध आहेत असे समजण्याचे कारण नाही. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीची महागडी साधने गावात परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, दगड, पाने हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा आज भारतभर रूढ झालेला शब्द त्याच कामातून आला. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल जिथे आहे, ज्या माणसांत आणि ज्या वस्तूंत आहे, तिथूनच त्याचा विचार सुरू होतो, ही त्यामागची समज होती. 'ते फारिकी' हेच तत्त्व शासकीय दस्तऐवजात उतरवते. दोहोंत फरक एवढाच दिसतो की ताराबाईंची शाळा चालत घरापर्यंत गेली, आणि इथली शाळा घराला दारातून आदराने नमस्कार करून थांबते.

मग निकाल काय?

'ते फारिकी' हे चांगले पुस्तक आहे. मुलाला ते विचार करणारा माणूस मानते, आणि त्याला नात्यांमध्ये ठेवून पाहते. अक्षर-आकड्यांची घाई करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते जरूर वाचावे. पण ते अर्धेच पुस्तक आहे. कौतुकाच्या भरात ते विचाराची वाटचाल मोजायला कचरते, आणि घरच्या भाषेला मान देऊन तिची जबाबदारी मात्र कोणावरच टाकत नाही.

थोडा हिशेब करू. २००७ पासून तीन वर्षांपुढच्या मुलांना आठवड्याला २० तासांपर्यंत सरकारी अनुदान आहे. मूल आठवड्यात ऐंशीएक तास तरी जागे असते. ते सेंटरमध्ये ४० तास राहिले तरी अर्धा वेळ घराचा उरतो. त्या वेळात मराठीचे वर्ग नकोत, फ्लॅशकार्डे नकोत. बॅरी कर्टिस पार्कमधून परतताना "आज काय काय झालं?" विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. गोष्ट वाचताना "त्याला हे ठाऊक आहे का?" असे थांबून विचारावे. चांदोमामाचा प्रश्न आला की लगेच विज्ञान सांगू नये. "बाबा पाकुरंगाला गेले आणि आपण मॅनुकाऊला, तर तो कोणाबरोबर जाईल?" असे विचारून गंमत बघावी. आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉलही कमी समजू नये. २०१४ साली अमेरिकेत दिसले की दोन-अडीच वर्षांची मुले समोरून प्रतिसाद देणाऱ्या व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द शिकतात, आधी चित्रित केलेल्या व्हिडिओवरून शिकत नाहीत. म्हणजे गोष्टींचा यूट्यूब आणि गोष्ट सांगणारी आजी यांत निवड करायची झाल्यास आजीलाच फोन लावावा.

शेवटी एक सूचना. सेंटरच्या फाइलमध्ये पालकांनी लिहायला बहुधा जागा असते, आणि ती बहुधा कोरीच राहते. तिथे महिन्यातून एकदा मुलाने घरी विचारलेला एखादा प्रश्न त्याच्याच शब्दांत मराठीत लिहावा, खाली इंग्रजीत अर्थ द्यावा. शिक्षिकेला मुलाच्या विचाराची दुसरी बाजू कळेल, आणि वर्षाअखेर आपल्यालाही मार्च आणि ऑक्टोबर यांतला फरक वाचता येईल. चटई विणणाऱ्यांनी आपल्यासाठी जागा ठेवली आहे, धागा मात्र आपल्यालाच आणावा लागेल.